थेंब बाहुलीसाठी, मग अक्षरं का पुसटतात?

डोळ्याचा पडदा तपासायचा असला की आधी बाहुली मोठी करणारे थेंब घालतात. अर्ध्या तासात मोबाइलवरची अक्षरं विरघळायला लागतात. बाहुली मोठी झाली, उजेड जास्त शिरला, म्हणून असं होतं, अशी बहुतेकांची समजूत. उजेडाने डोळे दिपतात हे खरं, पण वाचता न येण्याचं मुख्य कारण बाहुलीच्या मागे आहे.

तिथे डोळ्याचं भिंग बारीक तंतूंनी एका गोल स्नायूला बांधलेलं असतं. दूर पाहताना हा सिलिअरी स्नायू सैल असतो, तंतू ताणलेले आणि भिंग चपटं. जवळ पाहताना स्नायू आकसतो, तंतू ढिले पडतात आणि भिंग आपल्याच लवचिकपणाने फुगतं. 33 सेंटिमीटरवरचं पुस्तक वाचायला नंबर नसलेल्या डोळ्याला अशी सुमारे 3 डायॉप्टरची (भिंगाची ताकद मोजायचं एकक, चष्म्याचा नंबरही यातच असतो) भर घालावी लागते.

गोम अशी, की बाहुली लहान करणारा स्नायू आणि हा सिलिअरी स्नायू, दोघांनाही एकाच मज्जातंतूतून आणि अ‍ॅसिटिलकोलिन या एकाच रसायनामार्फत हुकूम मिळतो. ट्रॉपिकामाइड, सायक्लोपेंटोलेट, अ‍ॅट्रोपिन ही औषधं ते रसायन स्नायूवर जिथे बसतं ती जागाच अडवतात. मग बाहुली आकसत नाही आणि भिंगही फुगत नाही. फिनाइलएफ्रिनचं तसं नाही. ते बाहुली उघडणाऱ्या निराळ्या स्नायूला कामाला लावतं आणि फोकसला फारसा धक्का लावत नाही. आपल्याकडे पुष्कळदा ट्रॉपिकामाइड आणि फिनाइलएफ्रिन एकाच बाटलीत असतात.

म्हणूनच एकाच बाकावर बसलेल्यांचे अनुभव वेगळे. पंचविशीतल्या, नंबर नसलेल्या माणसाला मेसेज वाचता येत नाही. शेजारच्या सत्तरीतल्या आजोबांचं भिंग आधीच कडक झालेलं, त्यामुळे थेंबांना हिरावून घेण्यासारखं तिथे फार उरलेलंच नसतं. ते चाळिशी लावून वाचतात, थोडं कमी स्पष्ट इतकंच. आणि उणे 3 नंबरवाल्याचा डोळा मुळातच 33 सेंटिमीटरवर रोखलेला, तो चष्मा काढून खुशाल वाचतो!

मुलांच्या बाबतीत मात्र फोकस बंद पाडणं हाच हेतू असतो. दहा वर्षांच्या मुलाचं भिंग 12-14 डायॉप्टरपर्यंत जोर लावू शकतं, त्यामुळे अधिक 3 चा नंबरही ते सहज लपवतं. तपासणीत सगळं छान दिसतं, घरी डोकेदुखी, कधी तिरळेपणा. स्नायू ढिला पाडल्याशिवाय खरा नंबर कळत नाही. ट्रॉपिकामाइडचा असर साधारण 4 ते 6 तासांत ओसरतो, सायक्लोपेंटोलेटचा दिवसभरात. अ‍ॅट्रोपिनचा आठवडा-दोन आठवडे टिकू शकतो. ‘मुलाला पुस्तक दिसत नाही’ म्हणून घाबरलेल्या पालकांना हे आधीच सांगायला हवं, आणि ते नेहमी सांगितलं जातंच असं नाही.

अ‍ॅट्रोपिन आपल्या बांधावरच्या धोतऱ्यातही असतं. तण उपटताना धोतऱ्याला लागलेला हात डोळ्याला लागला, तर त्याच डोळ्याची बाहुली मोठी होते आणि जवळचं अंधुक दिसतं. एकच बाहुली मोठी दिसली की मेंदूतल्या दाबाने बाहुलीचा मज्जातंतू चेपला असेल, अशी शंका डॉक्टरांच्या मनात येते. अशा वेळी बाहुली आकसवणारं पायलोकार्पिन 1 टक्क्याचं घालून पाहतात. बिघाड मज्जातंतूत असेल तर बाहुली लहान होते. धोतऱ्याने जागा अडवली असेल तर ती सहसा ढिम्म हलत नाही.