एरंडेल तेल, कार्बन-14 आणि हबक्कूकचं एक वाक्य

जून 2025 मध्ये नेदरलँड्सच्या ग्रोनिंगन विद्यापीठातल्या गटाने 'एनॉक' नावाची संगणकप्रणाली जगापुढे आणली. मृत समुद्राकाठी सापडलेल्या प्राचीन यहुदी ग्रंथांच्या गुंडाळ्यांचं हस्ताक्षर बघून ती त्यांचा काळ सांगते. झालं, 'एआयने बायबलचं वय शोधलं' म्हणून मेसेज फिरू लागले. एआयचं कौतुक जरूर करा, पण तिला अक्षरं ओळखायला शिकवलं ते कार्बन-14 ने वय काढलेल्या तुकड्यांवरून. मला बोलायचंय ते त्या कार्बनबद्दल.

आधी भांडण काय ते सांगतो. 1947 च्या सुमारास मृत समुद्राकाठच्या कुमरानच्या पहिल्या गुहेत सात मोठ्या गुंडाळ्या मिळाल्या. त्यांत हबक्कूक या संदेष्ट्याच्या पुस्तकावरचं एक हिब्रू भाष्य होतं. पद्धत अशी, की एक ओळ द्यायची आणि लगेच 'याचा अर्थ असा' म्हणून ती आपल्या पंथाच्या काळाला लावायची. 'नीतिमान विश्वासाने जगेल' या ओळीचा अर्थ भाष्यकार असा लावतो: नियमशास्त्र (यहुदी धर्माचे नियम) पाळणाऱ्यांना देव वाचवील, त्यांच्या कष्टांमुळे आणि पंथाच्या 'नीतिमत्त्वाच्या गुरू'वरच्या त्यांच्या विश्वासामुळे. आता बायबलचा ख्रिस्ती भाग, नवा करार उघडा. येशूचा आद्य प्रचारक पौल याने रोमकरांना आणि गलतीकरांना लिहिलेल्या पत्रांत हीच ओळ आहे, फक्त विश्वास ठेवायचा तो ख्रिस्तावर, आणि तोही नियमशास्त्राच्या कर्मांशिवाय.

साम्य इतकं, की रॉबर्ट आयझेनमन या अभ्यासकाने तो गुरू म्हणजे येशूचा भाऊ याकोबच असं मांडलं. म्हणजे भाष्य याकोबाच्या काळातलं, इ.स. 60 च्या आसपासचं किंवा त्यानंतरचं हवं. 1995 मध्ये ॲरिझोनाच्या प्रयोगशाळेचे आकडे आले: कार्बनच्या हिशोबाने 2054 ± 22 वर्षं (1950 पासून मागे), कॅलेंडरमध्ये बसवल्यावर इ.स.पू. 104 ते 43 (शक्यता सुमारे 68 टक्के). म्हणजे येशूच्या जन्माआधीचं.

कार्बन-14 शाळेत झालाय. वनस्पती हवेतून तो घेतात, प्राणी वनस्पतींतून. जीव मेला की भर थांबते आणि 5730 वर्षांत साठा निम्मा होतो. (दगडी मूर्तीचं 'कार्बन डेटिंग' झाल्याचा मेसेज आला तर पाठवणाऱ्याला विचारा, दगड कधी वारला?) ही पद्धत शोधणाऱ्या विलर्ड लिबीने 1950 च्या सुमारास याच गुहेतलं लिननचं कापड तपासलं तेव्हा काळ निघाला इ.स. 33, दोन्हीकडे 200 वर्षांची सूट! तेव्हा कित्येक ग्रॅम जाळावे लागत, म्हणून कापडावर भागवलं. आता कण-प्रवेगक यंत्र एकेक अणू मोजतं, चामड्याचे काही मिलिग्रॅम पुरतात.

या आकड्यांवर आक्षेप आला तो एरंडेलावरून: तेलाने वय चुकीचं निघालं असेल. 1950 च्या दशकात अक्षरं उठून दिसावीत म्हणून जेरुसलेमच्या रॉकफेलर संग्रहालयात अनेक तुकड्यांना एरंडेल तेल लावलं गेलं होतं. हबक्कूकची गुंडाळी त्या टेबलावर नव्हतीच, पण लागलं होतं असं धरू.

2000 वर्षांच्या चामड्यात मूळच्या कार्बन-14 पैकी साधारण 78.5 टक्के उरतो. एरंडेल म्हणजे काल-परवाचं झाड, त्यात 100 टक्के. नमुन्यातल्या कार्बनपैकी 1 टक्का एरंडेलाचा असेल तर 78.5 चे होतात साधारण 78.7. चामडं साधारण 23 वर्षांनी *तरुण* दिसतं. आता 1 टक्का पेट्रोलियमजन्य मेण धरा. त्यातला कार्बन-14 लाखो वर्षांपूर्वीच संपलेला, म्हणजे शून्य. 78.5 चे होतात 77.7, आणि चामडं 83 वर्षांनी *म्हातारं* दिसतं. एकाच मापाची भेसळ, पण दिशा उलट आणि धक्का जवळजवळ चौपट.

म्हणजे एरंडेलाने इ.स. 60 चं चामडं इ.स.पू. 75 चं दिसू शकत नाही, ते इ.स. 60 नंतरचं दिसेल. हा आक्षेप घेणाऱ्याच्याच अंगावर येतो. गुंडाळ्या कुणाला आणखी *जुन्या* ठरवायच्या असतील, तर मात्र एरंडेल त्याच्या कामाचं. म्हणूनच नमुने आधी द्रावकांनी नीट धुतात.

राहिली एक गुंतागुंत. हवेतला कार्बन-14 दर शतकात सारखा नसतो, म्हणून झाडांच्या वर्षवलयांवरून आलेख काढावा लागतो आणि तो नागमोडी असतो. मोजलेल्या आकड्याची आडवी रेघ त्याला कधी दोन ठिकाणी छेदते. यशया या संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या मोठ्या गुंडाळीला झुरिकच्या 1991 च्या मोजणीत म्हणूनच दोन उत्तरं मिळाली: इ.स.पू. 335–327 किंवा 202–107.

तर पौलाने हबक्कूकची ओळ आपल्या काळाला लावली तेव्हा ही वाचनपद्धत यहुद्यांत शंभरएक वर्षं रुळलेली होती. पौलाची करामत वेगळी आहे. हिब्रूत शब्द आहेत '*त्याच्या* विश्वासाने', जुन्या ग्रीक भाषांतरात '*माझ्या* विश्वासाने', म्हणजे देवाच्या. पौलाने सर्वनामच गाळलं.