नागपूरच्या उन्हाळ्यात शटल बाहेर का जातं

७ ऑक्टोबर २०२३ ला हांगझोऊच्या एशियन गेम्समध्ये सात्विक-चिरागनी कोरियाच्या जोडीला २१-१८, २१-१६ नी हरवलं आणि बॅडमिंटनमध्ये भारताचं एशियाडमधलं पहिलं गोल्ड आलं. तेव्हापासून हॉलवर पोरांच्या तोंडी एकच विषय, स्मॅशचा (वरून खाली जोरात मारलेल्या फटक्याचा) स्पीड, सात्विकचा ताशी ५६५ किमीचा रेकॉर्ड. रेकॉर्ड भारीच आहे, पण तो रॅकेटवरून सुटतानाचा स्पीड आहे भाऊ, समोरच्याकडे पोचेपर्यंत त्यातला बराचसा हवेनं खाल्लेला असतो. मला तर या खेळातलं खरं सायन्स तिथंच दिसतं.

शटल म्हणजे कॉर्कमध्ये खोचलेली १६ पिसं, वजन ४.७४ ते ५.५० ग्रॅम, म्हणजे एवढं हलकं की हवा सहज अडवते. वजन जास्त करून कॉर्कमध्ये, म्हणून कसंही मारा, शटल क्षणात पलटी खाऊन कॉर्क पुढे करतं. उंचावरून नुसतं सोडून दिलं तर ताशी २४-२५ किमीच्या पुढे त्याचा स्पीड वाढतच नाही, कारण तेवढ्या स्पीडला हवेचा विरोध आणि वजन सारखं होतं.

आता आपल्या मे महिन्याकडे या. हवा तापली की विरळ होते, २० डिग्रीच्या मानानं ४५ डिग्रीला ती साधारण ८ टक्के हलकी असते, मग शटलला अडवणारं कमी आणि नेहमीचा टॉस (समोरच्याच्या मागच्या बाजूला उंच मारलेला फटका) मागच्या लाइनच्या बाहेर. म्हणून डब्यावरचा नंबर बघायचा. ७६, ७७, ७८ हे ग्रेन या वजनाच्या मापातलं वजन असतं, ७७ म्हणजे जवळपास ५ ग्रॅम. गरमीत कमी नंबरचं, म्हणजे स्लो शटल घ्यायचं, थंडीत जास्त नंबरचं. त्यात आपल्याकडची हवा कोरडी, पिसं कडक होऊन दोन-चार स्मॅशमध्येच तुटतात, म्हणून लोक खेळायच्या आधी डब्याला केटलची वाफ देतात. वाफ पिसांना द्यायची, कॉर्कला नाही, आणि थोडीच, नाहीतर पिसं मऊ पडतात.

मोठ्या स्पर्धेत हे अंदाजानं चालत नाही. प्लेअर मागच्या लाइनवरून खालून फुल स्ट्रोक मारतो आणि शटल पलीकडच्या मागच्या लाइनच्या ५३ ते ९९ सेंटिमीटर अलीकडे पडलं तरच त्याचा स्पीड बरोबर. म्हणजे चुकायला जागा फक्त ४६ सेंटिमीटरची!

पण शटल बरोबर असलं तरी हॉल असतोच. मोठ्या स्टेडियममध्ये एसीची हवा एका बाजूनं वाहते, त्याला ड्रिफ्ट म्हणतात. आपल्या इथं हॉलमध्ये कूलर लावला की हेच होतं, म्हणून गरमीनं जीव गेला तरी जाणते लोक खेळताना तो बंद ठेवायला लावतात. हवा पाठीमागून येत असेल तर टॉस आखूड मारायचा, समोरून असेल तर बिनधास्त जोर लावायचा, आणि बाजूनं असेल तर साइडलाइनपासून जरा आतच खेळायचं. मालविका बनसोड आपल्या नागपूरची, तिच्यासारखं बाहेर जाऊन खेळायचं असेल तर प्रत्येक नव्या हॉलमध्ये हे वॉर्मअपच्या थोड्या वेळातच ओळखावं लागतं. आपल्या कोचिंगमध्ये यावर फार कमी बोललं जातं, मला ते खटकतं.

नियमांनीही ही गोष्ट धरलेली आहे. प्रत्येक गेमनंतर बाजू बदलतात, आणि तिसरा गेम झालाच तर कोणाचेही ११ पॉइंट झाले की मध्येच बदलतात, म्हणजे शेवटपर्यंत एकालाच चांगली बाजू मिळत नाही.