वचनशोध साधन

वचनशोध साधन म्हणजे एआय एजंटला (भाषा-मॉडेलच्या आधारे स्वतः कामे करणाऱ्या प्रोग्रामला) धर्मग्रंथातला श्लोक, ओवी किंवा वचन नेमक्या क्रमांकानिशी संहितेतून काढून देणारा छोटा सॉफ्टवेअर सर्व्हर. गीतेतले गाजलेले श्लोक भाषा-मॉडेलला बहुधा तोंडपाठ असतात. कमी वापरातली ओवी विचारली, की मात्र ते दोन ओव्यांचे चरण एकत्र गुंफते, नाहीतर शब्द बरोबर देऊन क्रमांक चुकवते. गोव्यात ज्ञानेश्वरीच्या पारायणाची पत्रिका असो की कीर्तनाचे टिपण, चुकीची ओवी एकदा छापली गेली की ती पुढच्या वर्षीही तशीच उतरवली जाते. म्हणून एजंटने आठवणीवर न विसंबता साधनाकडे मागावे आणि आलेला मजकूर काना-मात्रेचा फरक न करता पुढे द्यावा, एवढेच या साधनाचे काम.

एजंट आणि साधन यांच्या जोडणीसाठी सहसा मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल (एमसीपी) हा सामाईक नियमसंच वापरतात. तो अँथ्रॉपिक या एआय कंपनीने नोव्हेंबर २०२४ मध्ये खुला केला. त्यातले संदेश जेएसओएन-आरपीसी २.० या ठरीव संदेश-साच्यात जातात. एजंटला तीन कामे उघडी करून दिली की पुरते: संदर्भावरून वचन देणे, शब्दावरून शोधणे आणि उपलब्ध आवृत्त्या सांगणे. सर्व्हर त्याच संगणकावर चालत असेल तर संदेश स्टँडर्ड आउटपुटमधून, म्हणजे प्रोग्रामच्या नेहमीच्या निकाल-मार्गाने, जातात. तिथे तपासणीसाठी टाकलेली एक साधी प्रिंट ओळही संदेशात मिसळते आणि जोडणी तुटते. लॉग (कामाची नोंद) नेहमी स्टँडर्ड एरर या वेगळ्या मार्गाकडे पाठवावा.

खरी मेहनत संदर्भ ओळखण्यात आहे. मराठी कीबोर्डवर लिहिणारे पुष्कळ जण अपूर्णविरामाच्या जागी विसर्ग टाकतात. बायबलचे संदर्भ ‘योहान ३:१६’ आणि ‘योहान ३ः१६’ डोळ्याला सारखेच दिसतात, पण दुसरे पार्सरला (संदर्भाचे भाग पाडणाऱ्या प्रोग्रामला) कळत नाही. देवनागरी आकडेही आधी बदलून घ्यावे लागतात. नावातही खोच आहे. ‘योहान’ हे शुभवर्तमानही आहे आणि तीन पत्रेही. ‘१ योहान ३:१६’ मधला सुरुवातीचा आकडा गळला, तर शुभवर्तमानातले वचन हाती येते. दोन्ही वचने प्रीतीबद्दलच असल्याने चूक पटकन ध्यानात येत नाही.

क्रमांकांची पद्धत ग्रंथागणिक आणि परंपरेगणिक बदलते. गीतेच्या तेराव्या अध्यायात काही आवृत्त्या अर्जुनाच्या प्रश्नाचा श्लोक आरंभी घेतात. मग ‘इदं शरीरं कौन्तेय’ हा १३.१ न राहता १३.२ होतो आणि अध्याय ३४ ऐवजी ३५ श्लोकांचा होतो. बायबलमधले मेंढपाळाचे स्तोत्र हिब्रू क्रमाने २३ वे, तर जुन्या लॅटिन क्रमाने २२ वे. जुन्या कॅथलिक प्रार्थनापुस्तकातून संदर्भ उतरवणाऱ्याला हा एकाचा फरक हमखास भेटतो. ज्ञानेश्वरीच्या सुमारे नऊ हजार ओव्यांची मोजणीही प्रतीप्रमाणे वेगळी होते. म्हणून प्रत्येक उत्तरात आवृत्तीचे नाव असलेच पाहिजे. आवृत्तीविना क्रमांक म्हणजे गावाचे नाव नसलेला घरक्रमांक.

गोव्यातल्या मराठीसाठी ख्रिस्तपुराण हा कसोटीचा ग्रंथ. फादर थॉमस स्टीफन्स यांची ही ओवीबद्ध रचना १६१६ साली रायतूर येथे रोमन लिपीत छापली गेली. पत्ता तीन पायऱ्यांचा: पुराण (पहिले की दुसरे), अवस्वरू (अध्याय), ओवी. अध्याय-श्लोक अशा दोनच रकान्यांचा साचा केला असेल, तर दोन पुराणांतल्या सारख्या क्रमांकांच्या ओव्या एकमेकींवर बसतात. लिप्यंतरही यंत्रावर सोपवू नये. तिथे ‘निळा’मधल्या ळसाठी दोन ‘एल’ येतात. त्यावरून दुहेरी अक्षराचा एकच नियम बांधला तर फसगत होते, कारण ‘भासा’ या शब्दात दोन ‘एस’ असूनही उच्चार एकाच स चा आहे. रोमन पाठ आणि देवनागरी पाठ शेजारी-शेजारी, दोन स्वतंत्र रकान्यांत ठेवणे उत्तम.

शब्दशोधासाठी एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसचा एफटीएस५ हा मजकूर-शोध विभाग सोयीचा. पण त्याचा युनिकोड६१ टोकनायझर (मजकुराचे शब्द पाडणारा भाग) मूळ मांडणीत मात्रा आणि हलन्त यांना शब्दाची सीमा समजतो. ‘देवाने’चे द, व, न असे तुकडे पडतात आणि शोधात भलतेच निकाल येतात. टोकनायझरच्या वर्गांच्या यादीत एमएन आणि एमसी हे मात्रा-हलन्तांचे युनिकोड चिन्हवर्ग वाढवले की शब्द सलग राहतो. तीन-तीन चिन्हांचे तुकडे पाडणारा ट्रायग्रॅम टोकनायझरही चालतो, मात्र तीनपेक्षा कमी चिन्हांचा शब्द, उदाहरणार्थ ‘मी’, त्यात सापडत नाही. ‘ॲ’ दोन प्रकारे टाइप होतो आणि एनएफसी हे युनिकोडचे सामान्यीकरण ते दोन प्रकार एक करत नाही. ती जुळणी हाताने लिहावी लागते. सफाईच्या नावाखाली अदृश्य जोडचिन्हे सरसकट काढू नयेत: त्या चिन्हाने लिहिलेल्या ‘दर्‍या’तून ते गेले की डोंगरातल्या दऱ्यांचा ‘दर्या’, म्हणजे समुद्र होतो. आधी र, हलन्त आणि जोडचिन्ह या तिघांच्या जागी ‘ऱ्’ घालावा, मग बाकी सफाई करावी.

वचन सापडले नाही तर साधनाने तसेच सांगावे आणि एमसीपीच्या उत्तरातली त्रुटीची खूण लावावी. जवळचे वचन देऊन वेळ मारून नेणे सर्वांत घातक, कारण एजंट तेच खरे धरून चालतो. मत्तय १७:२१ अनेक आधुनिक भाषांतरांत मुख्य मजकुरात नसते. तिथे ‘या आवृत्तीत हे वचन नाही’ हेच उत्तर बरोबर, २२ वे वचन वर सरकवणे नव्हे. एका मागणीत किती वचने द्यायची यालाही मर्यादा घालावी. ११९ व्या स्तोत्रात १७६ वचने आहेत.

मूळ ज्ञानेश्वरी कोणालाही वापरता येते, पण तिचे अर्वाचीन गद्य भाषांतर नाही. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे स्वामित्वहक्क राहतो. बायबलच्या चालू मराठी भाषांतरांसाठीही प्रकाशकाची परवानगी आधी घ्यावी. साधन वापरात आणण्यापूर्वी मुद्दाम चुकीचे संदर्भ देऊन पाहावे: ३४ श्लोकांच्या आवृत्तीत गीता १३.३५, स्तोत्र ११९:१७७, आणि विसर्ग घातलेला ‘योहान ३ः१६’. पहिल्या दोहोंना नकार आला आणि तिसऱ्याला नेमके वचन मिळाले, की मगच ते एजंटच्या हाती द्यावे.