मीठ विरघळते, बर्फ वितळतो

बर्फाळ रस्त्यावर मीठ टाकले की ‘मिठाने बर्फ विरघळतो’ असे आपण सहज म्हणून जातो. विरघळणे आणि वितळणे ही क्रियापदे बोलताना एकमेकांच्या जागी इतकी वापरली जातात की चूक जाणवतही नाही. रसायनशास्त्रात मात्र या दोन निराळ्या घटना आहेत, आणि रस्त्यावर त्या एकमेकींच्या आधाराने घडत असल्यामुळे हा भेद जपायलाच हवा, असे मला वाटते.

वितळणे म्हणजे एकाच पदार्थाने घनरूपातून द्रवरूपात जाणे. त्याला दुसरा पदार्थ लागत नाही, उष्णता लागते: 0 अंश सेल्सिअसच्या एक ग्रॅम बर्फासाठी सुमारे 334 जूल. विरघळण्याला दोन पदार्थ हवेत. मिठाचा स्फटिक पाण्यात सोडियम आणि क्लोराइड आयनांत सुटा होतो, पण तो वितळलेला नसतो. मीठ वितळायला सुमारे 801 अंश तापमान लागते.

गोठणबिंदूच्या थोडे खालीही बर्फाच्या पृष्ठभागावर द्रवासारखा अतिशय पातळ थर असतो, आणि मीठ प्रथम त्यात विरघळते. बर्फ व पाणी यांच्या सीमेवर काही रेणू सतत बर्फातून सुटत असतात, तर काही पुन्हा त्याला जाऊन चिकटत असतात. पाण्यात आयन मिसळले की चिकटण्याचा वेग मंदावतो, सुटण्याचा मात्र तसाच राहतो. त्यामुळे बर्फ वितळू लागतो आणि नव्या पाण्यात आणखी मीठ विरघळते.

मीठ बर्फाला उष्णता देते, हा समज याच गोंधळातून आलेला असावा. सोडियम क्लोराइड विरघळताना उलट थोडी उष्णता शोषून घेते, आणि वितळण्याची उष्णता रस्ता, हवा व खुद्द त्या मिश्रणातूनच येते. कॅल्शियम क्लोराइडची गोष्ट वेगळी: ते विरघळताना उष्णता बाहेर टाकते आणि दोनाऐवजी तीन आयन देते, म्हणून कडाक्याच्या थंडीत ते अधिक उपयोगी पडते.

साध्या मिठाच्या द्रावणाचा गोठणबिंदू फार तर उणे 21 अंशांपर्यंत उतरतो, तोही द्रावणात सुमारे 23 टक्के मीठ असताना. प्रत्यक्षात उणे 10 अंशांच्या आसपासच काम फार मंदावते, कारण कोरड्या खड्याला विरघळण्यापुरते पाणी सहजी मिळत नाही. म्हणूनच अनेक ठिकाणी मीठ आधी भिजवून टाकतात किंवा बर्फ पडण्यापूर्वीच रस्त्यावर मिठाचे द्रावण फवारतात. मग विरघळण्याची वाट पाहावी लागत नाही.