आत्याच्या ओव्या आणि वेव्ह फाइल

खानापूर तालुक्यातल्या आमच्या आत्याने जात्यावर म्हटलेल्या ओव्या मी साध्या बटणांच्या फोनवर रेकॉर्ड केल्या होत्या. बारा मिनिटं. मधेच ती थांबून विचारते, "काय करूलालास रे?" आत्या आता नाही. ती फाइल मात्र आहे, ‘एएमआर’ नावाच्या जुन्या मोबाइल प्रकारातली. बेळगावात एकाने सांगितलं, "वेव्ह करून घ्या, आवाज स्वच्छ होईल." फाइल वेव्ह जरूर करावी, पण आवाज स्वच्छ होईल म्हणून नव्हे.

वेव्ह हा १९९१ चा प्रकार, मायक्रोसॉफ्ट आणि आयबीएमने आणलेला. त्याची रीत सरळ आहे. हवेच्या दाबाचं माप ठरावीक अंतराने घ्यायचं आणि ते आकडे ओळीने लिहून ठेवायचे. फोनच्या दर्जाच्या आवाजासाठी सेकंदाला ८,००० मापं, प्रत्येक माप दोन बाइटचं.

एएमआर असे आकडे ठेवतच नाही. तो आवाजाचे २० मिलिसेकंदांचे तुकडे करतो आणि प्रत्येक तुकड्यात गळ्याचं आणि तोंडाचं वर्णन लिहितो: स्वरतंतू किती वेगाने थरथरले, तोंडाच्या पोकळीने कोणत्या कंपनांना उठाव दिला, उरलेली खरखर साधारण कशी होती. बेळगावची मिठाई कुंदा पाठवण्याऐवजी कुंद्याची कृती चिठ्ठीवर लिहून पाठवावी, तसं. सर्वांत चांगल्या दर्जातही एका तुकड्याला फाइलमध्ये ३२ बाइट पुरतात. वेव्हमध्ये तेवढ्याच तुकड्याला ३२० लागतात. आत्याची बारा मिनिटं एएमआरमध्ये साडेअकरा लाख बाइटची, वेव्हमध्ये एक कोटी पंधरा लाखांची.

हे वर्णन माणसाच्या बोलण्यावर बेतलेलं आहे. जात्याला ना गळा, ना तोंड. म्हणून आत्याचे शब्द ओळखू येतात, पण जात्याची घरघर पाण्याखालून आल्यासारखी बुडबुडते. माझ्या कानात ती घरघर अजून खरी आहे; फाइलमध्ये ती कधी नव्हतीच.

दुसरं नुकसान जास्त बारीक आहे. सेकंदाला ८,००० मापं घेतली की ४,००० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ४,००० कंपनांच्या, वरचं काहीच नोंदलं जात नाही. फोनवर तर साधारण ३,४०० पर्यंतच. मराठीत च दोन आहेत. ‘चार बैलांना चारा’ म्हणून बघा: पहिला च तालूचा, दुसरा दातांजवळचा, ‘त्स’सारखा. दातांजवळच्या च मधली ‘स’सारखी शिट्टी बरीचशी ४,००० हर्ट्झच्या वर असते. ती गेली की दोन्ही च एकमेकांच्या जवळ येतात. सीमाभागातली बोली, तिच्यातली कानडीची सावली, उद्या कुणाला अभ्यासायची असेल तर नेमकी हीच खूण पुसट झालेली असेल.

वेव्ह करताना सॉफ्टवेअर ती चिठ्ठी वाचून आकडे पुन्हा तयार करतं, एवढंच. शिट्टी परत येत नाही. मग करायचं कशाला? आकड्यांची सरळ ओळ कोणतंही ध्वनी-सॉफ्टवेअर वाचतं. ओव्या वेगळ्या कापता येतात, ध्वनिचित्र, म्हणजे कोणत्या क्षणी कोणती कंपनं किती याचा आलेख, काढता येतं, आणि कितीदाही जतन केलं तरी आणखी काही झिजत नाही. एएमआरमधून थेट एमपी३ केली तर एका काटछाटीवर दुसरी काटछाट होते.

ऑडॅसिटी किंवा एफएफएमपेग ही मोफत साधनं हे काम करतात. ऑडॅसिटीला एएमआर उघडायला एफएफएमपेगची जोड लागते. ८,००० हर्ट्झ (इथे सेकंदाला ८,००० मापं), एकच चॅनल, १६ बिट (दर मापाला दोन बाइट), एवढं ठेवा. ४४,१०० निवडल्याने फाइल साडेपाच पट फुगते, आवाजात भर पडत नाही. नुसतं नावापुढचं शेपूट बदलून तर काहीच होत नाही: नोटपॅडमध्ये उघडलीत तर पहिल्याच ओळीत एएमआर ही अक्षरं तशीच दिसतील.

आणि मूळ फाइल पुसू नका. चिठ्ठी वाचण्याची याहून चांगली रीत उद्या निघू शकते, आणि तेव्हा चिठ्ठीच हाताशी लागेल. मी आत्याची एएमआर तीन ठिकाणी ठेवली आहे, वेव्ह तिच्या शेजारी. ओव्या कापताना ‘काय करूलालास रे’ मात्र कापलेलं नाही.