कावड आणि कॅमेरा

खांद्यावर भरलेली कावड असलेल्या माणसाला वळायचं असेल, तर चार पावलं आधीच सुरुवात करावी लागते. दोन टोकांच्या घागरी झटकन फिरत नाहीत, आणि एकदा फिरू लागल्या की झटकन थांबतही नाहीत. आमच्या पैठणला कावडीचं नातं थेट नाथांच्या वाड्याशी आहे. देवानं श्रीखंड्या होऊन तिथला रांजण कावडीनं भरला, ही इथली श्रद्धा. पाण्याखाली व्हिडिओ काढण्यासाठी ट्रे आणि हँडल घ्यायचं असेल, तर माझ्या मते आधी ही कावड समजून घ्यावी.

ट्रे म्हणजे कॅमेऱ्याखाली स्क्रूनं बसणारी आडवी पट्टी. तिच्या एका किंवा दोन्ही टोकांना उभ्या मुठी बसतात, ती हँडलं. मराठवाड्यातून मालवण-तारकर्लीला डायव्हिंगसाठी जाणाऱ्यांकडे बहुधा तळहातात मावणारा, दीडएकशे ग्रॅमचा ॲक्शन कॅमेरा असतो. पाण्यात सगळं सुरेख दिसतं. घरी टीव्हीवर लावलं की चित्र इतकं थरथरतं की बघणाऱ्याला मळमळावं. माझा पहिला व्हिडिओ पाहताना आईनं दोन मिनिटांत डोळे मिटून घेतले होते. कॅमेरा नवा होता आणि चांगलाही होता. तो धरण्याची पद्धत चुकली होती.

निरोगी माणसाचा हातसुद्धा सेकंदाला साधारण ८ ते १२ वेळा बारीक थरथरतो. पाण्यात त्यावर पायांच्या फिन्सचे झटके आणि लाटेचा हेलकावा येतो. समजा, एक हात २ मिलिमीटर हलला. दोन हातांत फक्त ६ सेंटिमीटर अंतर असेल, तर कॅमेरा जवळजवळ २ अंश फिरतो. तेच हात ३६ सेंटिमीटर लांब असतील, तर जेमतेम एक तृतीयांश अंश. हात तोच, थरथर तीच; फक्त अंतर वाढलं.

दुसरा फायदा कावडीचा. वस्तू फिरायला किती विरोध करते हे तिच्या वजनावर ठरतं, पण त्याहून जास्त ते वजन मध्यापासून किती दूर आहे यावर ठरतं. अंतर दुप्पट केलं की विरोध चौपट होतो. भौतिकशास्त्रात याला जडत्व आघूर्ण म्हणतात. २०० ग्रॅमची दोन हँडलं मध्यापासून २०-२० सेंटिमीटरवर असतील, तर डावी-उजवीकडे फिरण्याला होणारा विरोध नुसत्या छोट्या कॅमेऱ्याच्या शंभरपटीहून जास्त होतो. म्हणून जड ट्रेपेक्षा रुंद ट्रे घ्यावा, असं मी आग्रहानं सांगतो. खांद्याच्या रुंदीपलीकडे मात्र जाऊ नये. पोहताना पाणी अडतं आणि मनगटं दुखतात.

इथे एक बारकावा आहे. आडव्या ट्रेमुळे डावी-उजवीकडचं वळणं आणि एका बाजूला कलणं कमी होतं, पण कॅमेऱ्याचं वर-खाली मान डोलावणं कमी होत नाही. कावडीचा बांबूसुद्धा खांद्यावर स्वतःभोवती सहज फिरवता येतोच की. त्यासाठी वजन उभ्या दिशेनंही पसरावं लागतं. उंच हँडलं आणि त्यांच्यावर बसणारे आर्म, म्हणजे दिवे धरणाऱ्या दांड्या, हे काम करतात. म्हणून हँडलच्या डोक्यावर आर्म जोडण्यासाठी गोळा असलेला माउंट आहे का, हे घेतानाच पाहावं.

त्या आर्मचा आणखी एक उपयोग आहे. पाण्यात पहिल्या काही मीटरांतच लाल रंग शोषला जातो, म्हणून दिवा लागतो. पण तो लेन्सजवळ असला, तर पाण्यातले गाळाचे कण उजळून निघतात. हिवाळ्यात पहाटे धुक्यात गाडीचा मोठा लाइट लावल्यावर समोर पांढरी भिंत दिसते, तसंच. दिवे बाजूला लांब आणि किंचित बाहेर वळवलेले असले की लेन्सपुढचे कण अंधारात राहतात.

आता भोपळा. आमच्याकडे विहिरीत पोहायला शिकताना पाठीला वाळलेला भोपळा बांधायचे. तोच पायाला बांधला तर डोकं खाली जाईल. कॅमेऱ्याचंही तसंच आहे: तरंगणारा भाग वर आणि जड भाग खाली असला की तो आपोआप सरळ राहतो. ५४० ग्रॅमचा ॲल्युमिनियमचा ट्रे २०० ग्रॅम पाणी बाजूला सारतो, म्हणजे पाण्यात ३४० ग्रॅमचा भासतो. तेवढा भार फ्लोटनं उचलावा, किंचित जडपणा ठेवून. स्वस्त फोमचे फ्लोट खोलवर दबतात. १० मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो, मग फोम आकसतो आणि त्याची उचल कमी होते. कडक, बंद, पोकळ आर्म भोपळ्यासारखे आकार टिकवतात. मात्र ते किती खोलीपर्यंत चालतात, हे विचारून घ्यावं.

हा तोल घरच्या हौदात तपासता येतो. पण आपलं पाणी गोडं आहे, आणि समुद्राचं पाणी सुमारे अडीच टक्के जड. दोन लिटर आकारमानाचा सगळा संच तिथे जवळपास ५० ग्रॅमनं हलका भासेल. तेवढा हिशोब इथूनच धरून निघावं, नाहीतर सुटलेला कॅमेरा वर निघून जातो.

ट्रेच्या ॲल्युमिनियमवर ॲनोडायझिंगचा, म्हणजे विजेच्या प्रक्रियेनं चढवलेला संरक्षक थर हवा. खाऱ्या पाण्यात स्टीलचा स्क्रू आणि ॲल्युमिनियम एकत्र आले की ॲल्युमिनियम झिजतं आणि स्क्रू जाम होतात. डाइव्हनंतर सगळं सुटं करून गोड्या पाण्यात भिजवावं. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यात क्षार फार असतात, म्हणून शेवटचं खंगाळणं फिल्टरच्या पाण्यानं करावं.

नवशिक्यानं दोन्ही हँडलं एकदम लावू नयेत, हे मला मनापासून सांगायचंय. पाण्यात वर-खाली होण्यासाठी डायव्हिंगच्या जॅकेटमधली हवा कमी-जास्त करणारी नळी डाव्या खांद्यावरून येते. कान मोकळे करायलाही एक हात लागतो. दोन्ही हात कॅमेऱ्यात अडकलेला माणूस नकळत वर उचलला जातो किंवा खाली प्रवाळावर जाऊन आपटतो. ट्रे दोन्ही बाजूंना भोकं असलेला घ्यावा, पण पहिल्या काही डाइव्हना फक्त उजवं हँडल लावावं, अंगठा बटणापर्यंत पोहोचेल असं, आणि कॅमेरा दोरीनं जॅकेटच्या कडीला अडकवलेला असावा. पाण्यात एका जागी स्थिर तरंगणं जमू लागलं की डावं हँडल बसवावं.