‘मायक्रोसेफली’ की ‘झिका सिंड्रोम’? ब्राझीलमधल्या पालक-गटांची पार्श्वभूमी

बारीक डोक्याची, म्हणजे मायक्रोसेफली असलेली बाळं पूर्वीही जन्माला येत होती, पण त्यांच्या आईवडिलांचे गट होत नव्हते. एकीच्या गरोदरपणात रुबेला झालेला, दुसरीला सीएमव्ही (सायटोमेगॅलो) विषाणूची लागण, तिसऱ्या घरी जनुकीय दोष, चौथ्या बाळाला जन्मताना ऑक्सिजन कमी पडलेला. कारणं वेगळी, गावं लांबलांबची, मुलांची वयंही जुळत नसत. १९४७ मध्ये युगांडात सापडलेला झिका विषाणू तर कितीतरी वर्षं किरकोळ तापाचाच मानला गेला.

२०१५ च्या ऑक्टोबरात ब्राझीलच्या ईशान्येकडच्या पेर्नाम्बुको राज्यात चित्र पालटलं. रेसिफे शहरातल्या बालमेंदूविकारांच्या ओपीडीत अशी बाळं एकापाठोपाठ एक येऊ लागली; कारण निघालं गरोदरपणात आईला झालेली झिकाची लागण. ११ नोव्हेंबरला देशात आरोग्य आणीबाणी जाहीर झाली, १ फेब्रुवारी २०१६ ला आंतरराष्ट्रीय. ओपीडीच्या बाकावर शेजारीशेजारी बसलेल्या आयांची बाळं जेमतेम महिन्या-दोन महिन्यांच्या अंतराची होती. नंबर दिले-घेतले गेले, व्हॉट्सअॅप ग्रुप झाले आणि त्यांतूनच पुढे नोंदणीकृत संघटना उभ्या राहिल्या. पालक-गट म्हणायचं, पण त्यात बहुतेक आयाच. बरेच बाप पहिल्या वर्षातच बाजूला झाले.

गटात कोण येणार हे सुरुवातीला ठरवलं मोजमापाच्या टेपने. पूर्ण दिवसांच्या बाळासाठी सरकारने आधी डोक्याच्या घेराची ३३ सेंटिमीटरची मर्यादा धरली. या आकड्यात हजारो धडधाकट बाळं सापडली आणि त्यांच्या घरांत विनाकारण रडारड झाली. डिसेंबर २०१५ मध्ये मर्यादा ३२ वर आली, मार्च २०१६ मध्ये मुलग्यांसाठी ३१.९ आणि मुलींसाठी ३१.५. हा शेवटचा आकडा म्हणजे सरासरीच्या दोन प्रमाण-विचलनं (संख्याशास्त्रातलं सरासरीपासूनच्या अंतराचं माप) खाली. पण तिथेही निव्वळ गणिताने सुमारे २.३ टक्के बाळं येतातच. ब्राझीलमध्ये वर्षाला ३० लाखांच्या आसपास जन्म धरले, तर ती संख्या सत्तर हजारांच्या घरात जाते. २०१५ पूर्वी मात्र देशभरात वर्षाला दोनशेच्या आतच नोंदी होत. आधी मोजणं आणि नोंदवणं नीट होत नव्हतं, हे त्यावरून दिसतं.

टेप लावायची रीत साधी आहे, चुका मात्र नेहमीच्याच. न ताणला जाणारा टेप हवा. शिंप्याचा कापडी टेप वापरून सैल पडलेला असतो. पुढून भुवयांच्या वर, बाजूने कानांच्या वर, मागे डोक्याच्या सर्वांत फुगीर भागावरून. तीनदा मोजायचं आणि सर्वांत मोठा आकडा धरायचा. प्रसूतीत डोकं दबून आकार बदललेला असतो, म्हणून पहिले २४ तास जाऊ द्यायचे. कमी दिवसांच्या बाळाला पूर्ण दिवसांचा तक्ता लावला, की निदान हमखास चुकतं.

उलट बाजूची चूक जास्त महाग पडली. पेर्नाम्बुको आणि शेजारच्या सेआरा राज्यातल्या १३ बाळांच्या डोक्याचा घेर जन्मताना मर्यादेच्या वर होता, पण स्कॅनमध्ये मेंदूतले दोष दिसत होते. पुढच्या महिन्यांत वाढ मंदावली आणि त्यांतल्या ११ जणांना मायक्रोसेफली झाली. डोकं हे फक्त बाहेरून दिसणारं लक्षण; आत कॅल्शियमचे ठिपके, डोळ्याच्या पडद्यावर व्रण, आखडलेले सांधे. डॉक्टर याला ‘जन्मजात झिका सिंड्रोम’ म्हणू लागले, पण जून २०१६ च्या कायद्यात शब्द राहिला ‘मायक्रोसेफली’. गटात रोज भेटणाऱ्या दोघींपैकी एकीचं मूल कागदावर बसत होतं, दुसरीचं नाही. आमच्या मते संघटनांचं सर्वांत मोठं काम या एका शब्दाशी झालेल्या झटापटीत आहे, मदतफेऱ्यांत नाही.

तो कायदा अपंगांसाठीच्या जुन्याच भत्त्यावर बेतला होता: दरमहा एक किमान वेतन, तेही कमाल तीन वर्षं. अट अशी की माणशी उत्पन्न किमान वेतनाच्या पाव हिश्शाहून कमी हवं. आई, बाप, बाळ आणि बापाला एक किमान वेतन, म्हणजे माणशी एक तृतीयांश, अर्ज बाद. आईने काम धरलं की भत्ता जाण्याची भीती. २०१९ च्या सरकारी वटहुकमात आजन्म पेन्शन आली, शब्द पुन्हा ‘मायक्रोसेफली’. एप्रिल २०२० मध्ये कायदा झाला तेव्हा तिथे ‘जन्मजात झिका सिंड्रोम’ लिहिलं गेलं आणि जन्माची मुदत २०१८ ऐवजी २०१९ अखेरपर्यंत वाढली. रक्कम तेवढीच, पण आता आईला नोकरी करता येणार होती. मेख होती: जुना भत्ता मिळणाऱ्यांनाच पेन्शन, आणि सरकारविरुद्धचा कोर्टातला दावा सोडायचा. जानेवारी २०२५ मध्ये भरपाईचं विधेयक राष्ट्राध्यक्षांनी रोखलं. जूनमध्ये संसदेने तो नकार फिरवला. आता एकरकमी ५०,००० रेआल (ब्राझीलचं चलन) आणि सामाजिक सुरक्षेच्या कमाल पेन्शनएवढी मासिक रक्कम.

ग्रुपवरची देवाणघेवाण मात्र कायद्याची वाट पाहत बसली नाही. दूध पाजताना ठसका, पाजल्यावर घशात घुरघुर, एक फीड अर्ध्या तासाहून लांबणं, वरचेवर न्यूमोनिया: गिळणं बिघडल्याच्या या खुणा तीन-चार महिन्यांनंतर दिसू लागत. बाळाला आडवं न पाजता उठतं धरायचं, दूध घट्ट करायचं ते गिळण्याची तपासणी झाल्यावरच. झोपेतून उठताना मान-हात एकदम आत ओढले जाणं, तेही लागोपाठ, म्हणजे पोटदुखी किंवा दचकणं नव्हे, ती फिट असू शकते. मोबाइलवर व्हिडिओ काढून तो डॉक्टरला दाखवायचा, कारण ओपीडीत नेमकं तेव्हा काही होत नाही. खुबा निखळतोय का हे बघायचा एक्स-रे दुखू लागायच्या आधीच काढायचा, नंतर नव्हे.

महाराष्ट्रात झिका २०२१ मध्ये पुरंदर तालुक्यातल्या बेलसरला आढळला, २०२४ मध्ये पुणे शहरात, आणि तेव्हाच्या रुग्णांत गरोदर बायका बऱ्याच होत्या. इथेही शब्दाचा गुंता आहेच. २०१६ च्या दिव्यांग कायद्यातल्या २१ प्रकारांत मायक्रोसेफली हे नाव नाही. दाखला बौद्धिक अक्षमता, सेरेब्रल पाल्सी किंवा बहुविकलांगता यांपैकी एकाखाली निघतो आणि बहुतेक सवलतींना किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागतं. त्यामुळे दाखला देणाऱ्या वैद्यकीय बोर्डापुढे जाताना घेराच्या नोंदींबरोबर विकासचाचणीचा अहवालही फाइलमध्ये हवा. लहान वयात मिळालेला दाखला बहुधा तात्पुरता असतो, त्यावरची मुदत बघून ठेवायची.